भुईकाट्याची तार

चारठाण्यात बाहेरचा माणूस येतो तो देवळं बघायला. गोकुळेश्वर, नृसिंह तीर्थ, बारवा, आणि तो कोरीव उंच स्तंभ. त्याला कुणी दीपमाळ म्हणतं, कुणी विजयस्तंभ. गावात एके काळी ३६० मंदिरं होती असं म्हातारी माणसं सांगतात. त्यांवर लिहिणारे पुष्कळ झाले. माझा धंदा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा. जिंतूर, सेलू, मंठा या टापूत फिरताना मला दुसराच एक जुना अवशेष दिसत राहतो आणि त्याच्याकडे वाकून बघणारा मी बहुतेक एकटाच असतो. तो भुईकाट्याच्या केबिनीत, टेबलाच्या मागे, धुळीत आणि उडून आलेल्या रुईत पडलेला असतो. नऊ पिनांचा, डी आकाराचा सॉकेट. आम्ही त्याला कॉम पोर्ट म्हणतो; पुस्तकात सिरियल पोर्ट.

काट्यावर ट्रॅक्टर चढतो. खालचे वजन जोखणारे लोडसेल दाबले जातात. केबिनीतल्या डब्यावर, म्हणजे इंडिकेटरवर, लाल आकडे थरथरतात आणि थांबतात. त्या डब्यातून एक तार कॉम्प्युटरला जाते आणि पावती निघते. डब्यावर वजन बरोबर आहे पण कॉम्प्युटरवर शून्य तरी येतंय किंवा भलतीच अक्षरं तरी उमटताहेत, असं झालं की मला फोन येतो. हे नेमकं दिवाळीनंतर, कापसाची आवक जोरात असताना होतं. उन्हाळ्यात काटा बंद असला तर त्याचा बिघाड कुणाच्या लक्षातच येत नाही.

ही तार तपासायची एक ठरलेली चढण आहे, आणि तिची प्रत्येक पायरी वेगळ्या काळातली आहे. शिकताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अमुक पिनवर अमुक व्होल्ट हवेत, एवढंच शिकवलं जायचं. का हवेत ते विचारलं तर उत्तर यायचं, ‘स्टँडर्ड आहे’.

पहिली पायरी मल्टिमीटरची. कॉम्प्युटरची बाजू असेल तर तिसरी आणि पाचवी पिन धरायची. कुणी काही बोलत नसताना तिथे उणे पाच ते उणे बारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. शून्याजवळ दिसलं तर पोर्ट गेला. रिकाम्या तारेवर काहीतरी असायलाच हवं, हे नवशिक्याला विचित्र वाटतं. गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडात शब्द कशाला? पण हा नियम दूरमुद्रकवाल्यांचा, म्हणजे टेलिप्रिंटरवाल्यांचा आहे. त्यांच्या वर्तुळात मशिन निवांत असतानाही प्रवाह वाहता ठेवत आणि अक्षर पाठवायचं तर तो तोडत. त्याचा फायदा असा, की तार कुठे तुटली तर पलीकडचं मशिन लगेच भरकटल्यासारखं खडखडू लागे आणि बिघाड झाल्याचं त्या क्षणी कळे. प्रवाहाच्या जागी पुढे उणे व्होल्ट आले, पाच व्होल्टच्या बोर्डावर पाच व्होल्ट आले. ‘निवांत म्हणजे एक’ हा नियम मात्र तसाच राहिला.

आमच्या मुलखात तारखात्याची तार आली ती आगगाडीबरोबर. निजामाच्या राज्यातली हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज, १९००च्या सुमारास सुरू झाली आणि परतूर, सेलू, परभणी ही गावं तिच्या खांबांना बांधली गेली. त्याच्या पन्नास वर्षं आधी ओशॉनेसी या डॉक्टरने कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली तार टाकली होती, आणि १८५५ साली तार सामान्य लोकांना खुली झाली होती. चारठाण्याच्या माणसाला तार म्हणजे आगगाडीच्या गावाहून निरोप्याच्या हातात येणारा कागद. तो बघून बाया आधी रडायच्या आणि मग वाचणारा शोधायच्या. जुलै २०१३ मध्ये ही सेवा बंद झाली तेव्हा टीव्हीवाल्यांनी फार हळवे कार्यक्रम केले. मला त्याचं नवल वाटलं, कारण तारखात्यातून हद्दपार झालेली निम्मी रीत त्या दिवशी माझ्या पिशवीतल्या केबलमध्ये जिवंत होती.

मोर्सच्या काळात ऐकणारा माणूस होता, त्यामुळे वेगाची चिंता नव्हती. माणसाचा कान पुढच्याच्या हाताप्रमाणे जुळवून घेतो. अडचण मशिनला मशिनशी बोलायची वेळ आली तेव्हा झाली. एमिल बोदो या फ्रेंच तारबाबूने १८७४ साली पाच खुणांची लिपी काढली. बॉड हे वेगाचं माप त्याच्याच नावाचं. पण त्याच्या पद्धतीत दोन्ही टोकांची फिरती चक्रं एकमेकांशी सतत जुळलेली लागत. ही कटकट शिकागोच्या क्रम बापलेकांनी, चार्ल्स आणि हॉवर्ड यांनी, १९१०च्या दशकात सोडवली. प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘सुरू’ची खूण, शेवटी एक ‘थांब’ची खूण. दोन्हीकडच्या मोटरींनी एका अक्षरापुरता वेळ सांभाळला की झालं. पुढच्या अक्षराला पुन्हा नव्याने सुरुवात. आजचे स्टार्ट बिट आणि स्टॉप बिट हेच. सेटिंगच्या यादीत ‘दोन स्टॉप बिट’ असा पर्याय अजून दिसतो तो १९६३ सालच्या टेलिटाइप ३३ सारख्या यंत्रांसाठी. अक्षर छापून झाल्यावर त्यांच्या लोखंडी दांड्यांना जागेवर यायला तेवढी उसंत लागे. काट्याच्या डब्यात हलणारा दांडा एकही नाही, तरी पर्याय आहे.

त्या काळचा मेकॅनिक मोटरचा वेग कसा तपासायचा हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. त्याच्याकडे गवय्याकडे असतो तसा नादकाटा असे, पण टोकांना चिरा असलेल्या पट्ट्या लावलेला. नादकाटा वाजवायचा आणि त्या चिरांतून फिरत्या मोटरवरच्या काळ्यापांढऱ्या खुणांकडे बघायचं. खुणा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर. पुढे किंवा मागे सरकताना दिसल्या तर तेवढा फरक. मी हेच काम खिशात मावणाऱ्या ऑसिलोस्कोपने करतो.

आपल्याकडे १९६० साली मद्रासला हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा सरकारी कारखाना निघाला. त्याच्या आधी, १९५०च्या दशकात, दादासाहेब आपटे यांच्या हिंदुस्थान समाचार या वृत्तसंस्थेने देवनागरी दूरमुद्रक वापरात आणला होता. पाच खुणांत ३२ जागा बसतात. इंग्रजीचं त्यात भागतं. आपले स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, जोडाक्षरं त्यात बसवायची म्हणजे किती कसरत झाली असेल ते अक्षरं मोजून बघावं.

त्याच १९६० मध्ये अमेरिकेत आरएस-२३२ हे मानक आलं, आणि इथून माझ्या धंद्यातल्या सर्वांत जास्त फोनांचं मूळ सुरू होतं. हे मानक यंत्राला यंत्र जोडण्यासाठी नव्हतंच. एका बाजूला टेलिटाइप किंवा कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला फोनलाइनवर बोलणारा मोडेम, अशी जोडी त्यात धरलेली होती. म्हणून पिनांची वाटणीही दोन जातींची झाली. एकाची दोन नंबरची पिन ऐकते तर दुसऱ्याची बोलते. दोन जातींची साधनं जोडली तर सरळ केबल चालते. एकाच जातीची जोडली तर दोघं एकाच पिनवर बोलतात, एकाच पिनवर ऐकतात आणि संभाषण शून्य. काट्याच्या डब्यांत मोडेम नाही, फोनलाइन नाही. तरी कुणी डबा मोडेमच्या जातीचा केला, कुणी कॉम्प्युटरच्या. मुनीम सेलूहून नवी केबल आणतो, ती जुन्यासारखीच दिसते आणि काटा मुका होतो. अशा वेळी केबलच्या दुसऱ्या टोकाला दोन आणि तीन नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि कीबोर्डवर काहीही लिहायचं. लिहिलेलं परत पडद्यावर उमटलं तर कॉम्प्युटर, पोर्ट आणि केबल ठीक; चूक पुढे आहे. तारखात्याचा लाइनमनही हेच करी. पलीकडचं टोक जोडून वेटोळं करायचं आणि बिघाड अलीकडे की पलीकडे ते ठरवायचं. साधन बदललं, डोकं तेच लागतं.

केबल बरोबर, व्होल्ट बरोबर, आणि तरी पडद्यावर कचरा, ही मला सगळ्यांत आवडणारी तक्रार. जिंतूर रस्त्यावरच्या एका जिनिंगवर असं झालं. ऐन हंगाम, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, हमाल गाठोड्यांवर बसलेले. मुनीमकाका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “भाऊ, डब्यावर वजन बराबर हाय, पण ह्ये कॉम्प्युटर काहून तोतरं बोलायलंय?” तोतरं हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण तो इतका नेमका होता की मी तिथेच वहीत लिहून घेतला.

दोन्हीकडे वेग ९६०० ठेवलेला होता. पडद्यावरची चित्रविचित्र अक्षरं बाजूला ठेवून मी त्यांचे कच्चे सांकेतिक आकडे काढले. ३ हा आकडा तारेवर ३३ या जोडीने जातो, ५ हा ३५ ने, ९ हा ३९ ने. मला दिसत होतं ९३, ९५, ९९. म्हणजे बहुतेक ठिकाणी वजनाचा आकडा शाबूत होता आणि पुढचा भाग बिघडलेला. याचा अर्थ लावायला वेळ लागत नाही, कारण अक्षराचे बिट शेपटाकडून निघतात: आधी एककाची बाजू, मग दशकाची. सुरुवातीचे पाच बिट बरोबर पोचतात आणि सहाव्यापासून घसरतात, तर दोघांच्या घड्याळांत थोडा फरक आहे. क्रम बापलेकांची युक्ती एका अक्षरापुरती वेळ सांभाळायला सांगते. इथे तेवढीही सांभाळली जात नव्हती. स्कोप लावला. ९६०० ला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा हवा. तो ९६ चा होता.

९६ दिसल्याबरोबर मला आत काय आहे ते कळलं. हे डबे इंटेलच्या १९८० सालच्या ८०५१ घराण्यातल्या चिपवर चालतात आणि तिच्याशेजारी तिला ठोका देणारा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. हा आकडा बाहेरच्याला वेडगळ वाटतो. पण त्याला बाराने भागा, मग बत्तिसाने, मग तिनाने: बरोबर ९६०० येतात, शिल्लक काही नाही. त्याच्या जागी गोल आकड्याचा, दुकानात सहज मिळणारा १२चा क्रिस्टल बसवला की येतात जवळपास १०४१७. साडेआठ टक्के फरक. चिप चालते, वजन दिसतं, बटणं चालतात. फक्त तारेवरचं बोलणं भरधाव होतं. पावसाळ्यात वीज पडून डबा बंद पडला होता आणि शहरात कुठेतरी दुरुस्त करून आणला होता, असं काकांनी सांगितलं. मग उरलेलं मी न विचारताच समजलो.

इलाज साधा: क्रिस्टल बदलायचा. पण डब्यावर वैधमापन खात्याचं सील होतं. काटा दरवर्षी तपासून मुद्रांकित करावा लागतो, आणि सील तोडायचा अधिकार परवानाधारक दुरुस्तीवाल्याला. तोही पुन्हा पडताळणी करून घेण्याच्या अटीवर. माझ्याकडे तो परवाना नाही आणि मी सीलला हात लावत नाही. लावला तर शेतकऱ्याच्या मापावर शंका येते. आणि आपल्याकडे मापावरून होणारी भांडणं काय असतात ते कापूस एकाधिकार योजनेच्या, म्हणजे १९७२ नंतरच्या, खरेदी केंद्रांवर रात्र काढलेल्या कुणालाही विचारा.

तेव्हा डब्याला न शिवता कॉम्प्युटरलाच घाई करायला लावायची, असं ठरवलं. जुन्या पीसीच्या पोर्टला आतून ११५२०० चा ठोका मिळतो आणि त्याला पूर्ण आकड्याने भागून वेग काढतात. बाराने भागलं की ९६००. अकराने भागलं तर १०४७३. डब्याच्या १०४१७ शी त्याचा फरक अर्ध्या टक्क्याचा, आणि दहा बिटांच्या अक्षरात तेवढा सहज खपतो. सुदैवाने काट्याचं सॉफ्टवेअर डॉसवरचं होतं, बेसिकमध्ये लिहिलेलं, आणि त्याचा मूळ मजकूर त्याच मशिनवर पडलेला. पोर्ट उघडल्यानंतर भाजक १२ च्या ऐवजी ११ करणाऱ्या चार ओळी घातल्या. पहिलीच पावती बरोबर निघाली. मुनीमकाकांनी ती डब्यावरच्या आकड्याशी ताडून बघितली, मग दुसरी ताडून बघितली, मग ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली. हंगाम संपल्यावर परवानावाले गृहस्थ आले, सील उघडलं, आणि क्रिस्टलच्या पत्र्यावर १२.००० छापलेलं निघालं. त्यांनी तो बदलला, खात्याने नवं सील लावलं, मी माझ्या चार ओळी पुसल्या.

मराठी पावतीची गंमत वेगळीच. पुण्याच्या सीडॅकसारख्या संस्थांनी भारतीय लिपी कॉम्प्युटरवर आणल्या आणि १९९१ साली आयएससीआयआय हे मानक आलं. त्यात इंग्रजी जुन्या १२८ जागांत तशीच राहिली आणि देवनागरी वरच्या, आठवा बिट लागणाऱ्या जागांत बसली. पण काट्यांच्या डब्यांवर आणि प्रिंटरवर ‘सात बिट, पॅरिटी सम’ हे टेलिटाइपच्या पिढीचं सेटिंग अनेकदा ठेवलेलं असे. वजनाच्या आकड्यांना सात पुरतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नसे. मराठी पाठवलं की आठवा बिट गळतो आणि क चा ३ होतो, प चा इंग्रजी एच, स चा डब्ल्यू. ‘कापूस’ अशी सुरुवात असलेली पावती आकड्याने सुरू झाली की शेतकरी विचारणारच, हे तीन कशाचे? मी तशी एक पावती जपून ठेवली आहे. आठ बिट, पॅरिटी नाही, एवढं बदललं की कापूस परत कापूस होतो.

विजेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात डोकं कमी आणि डाग देणं जास्त. पूर्वी या पोर्टसाठी अधिक बारा आणि उणे बारा असे दोन पुरवठे लागत. १९८७ साली मॅक्सिमची मॅक्स२३२ आली. तिने चार छोट्या कपॅसिटरांच्या जोरावर पाच व्होल्टांतूनच दोन्ही बाजूचे व्होल्ट तयार केले. काट्यापासून ऑफिसपर्यंत लांब तार, दोन्ही टोकांना वेगवेगळी अर्थिंग, आणि मृगाआधीचा गडगडाट. आधी मरते ती हीच चिप. ती मेली की बाकीचा बोर्ड बहुधा वाचतो, म्हणून मी तिला शिव्या देत नाही. मानकात केबलची मर्यादा पन्नास फुटांची होती. आमच्याकडे तिच्या दुप्पट लांबीच्या तारा टाकलेल्या आहेत, आणि वेग १२०० वर आणला तर त्या चालतातही.

नव्या लॅपटॉपना हा पोर्ट उरला नाही. मग यूएसबीचं मनगटाएवढं कन्व्हर्टर येतं आणि त्याबरोबर चिपच्या नकलांचा बाजार. २०१४ साली एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीने असा ड्रायव्हर सोडला की नक्कल चिप दिसली की तिची ओळखच पुसून टाकायची. जगभर लोकांची चालू यंत्रं एका अपडेटनंतर दिसेनाशी झाली, ओरड झाली आणि कंपनीने तो मागे घेतला. नकलेचा राग मी समजू शकतो. पण ज्याने कन्व्हर्टर घेतलं त्याला आत कोणाची चिप आहे हे कसं कळणार होतं?

आता माझ्याकडे येणाऱ्या बोर्डांत काट्यांपेक्षा मोबाइल स्टार्टर जास्त आहेत. विहिरीवर पेटी, पेटीत सिमकार्डाचं मॉड्यूल. घरून मिस्ड कॉल द्यायचा आणि मोटर चालू करायची. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते तिथे हे वरदानच. या पेटीत डोकावलं तर छोटा मायक्रोकंट्रोलर सिमच्या मॉड्यूलशी दोन तारांवर बोलत असतो, आणि भाषा कुठली, तर डेनिस हेज याने १९८१ साली आपल्या मोडेमसाठी ठरवलेली. ए आणि टी ही दोन अक्षरं पाठवायची, समोरून ओके यायला हवं. आठ बिट, एक स्टॉप बिट, निवांत असताना एक. नऊ पिना नाहीत, उणे बारा नाहीत; काही बोर्डांवर तर सगळा कारभार ३.३ व्होल्टांत, आणि जुनी केबल थेट लावली तर बोर्ड जागच्या जागी जातो. हे कॉलेजातल्या पोरांना मी दोनदा सांगतो.

अशीच एक पेटी घेऊन शिवारातले एक दादा आले. ए टी पाठवलं की कधी ओके, कधी अर्धवट अक्षरं, कधी काहीच नाही. वेग बरोबर, तारा बरोबर. स्कोप या वेळी बोलण्याच्या तारेवर न लावता पुरवठ्यावर लावला. टॉवरशी बोलताना हे मॉड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं, आणि तेवढ्यात व्होल्ट कोसळून ते बेशुद्ध पडत होतं. शुद्धीवर येईपर्यंत मायक्रोकंट्रोलरचा निरोप वाया गेलेला. विहिरीवरच्या उन्हाने कपॅसिटर सुकला होता. १००० मायक्रोफॅरडचा नवा टाकला, ए टी लिहिलं, ओके आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा ओके. दादांनी पेटी नेली, बसवली, आणि तासाभराने फोन केला: मिस्ड कॉल देऊनही मोटर चालू होत नाही. मी किल्ल्या उचलल्या, गाडी काढली, अर्ध्या रस्त्यात त्यांचा दुसरा फोन आला. लाइनच नव्हती.